हाक मारायचं नाव

आमच्या इमारतीत कुणाचा संगणक बंद पडला, की अजूनही माझ्या दारावरची घंटा वाजते. "मीनाक्षीताई, तुम्ही यातल्याच ना?" मी यातलीच. पण बंद पडलेलं यंत्र चालू करणं मला तेव्हाही येत नव्हतं आणि आजही येत नाही. शेजाऱ्याचा चेहरा पडतो, मी चहाचं विचारते आणि विषय तिथेच संपतो. मग इतकी वर्षं ही बाई ऑफिसात जाऊन करत काय होती, हा प्रश्न त्यांच्या मनात उरतोच. माझ्या सासूबाईंच्या मनात तो शेवटपर्यंत होता.

मी प्रश्न विचारत होते. तेच माझं काम. संगणकाला काय करायचं ते शिकवणारा प्रोग्रामर वेगळा. त्याच्याही आधी कुणीतरी जाऊन, हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी चाललाय त्यांना नेमकं काय हवंय ते शोधायचं, आणि असं लिहून काढायचं की प्रोग्रामरला परत विचारायला यावं लागू नये. आमच्या धंद्यात त्याला गरजांचं विश्लेषण म्हणतात. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात अनोळखी माणसाशेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि तो वैतागेपर्यंत विचारत राहायचं, एवढंच.

अवघड यात हे, की माणसं खोटं बोलत नाहीत, पण त्यांना जे रोजचं वाटतं ते सांगतच नाहीत. स्वयंपाकाची कृती सांगताना बाई चूल पेटवा असं सांगत नाही, तसं ते असतं. ते न सांगितलेलं बाहेर काढायला आमच्याकडे दोन हत्यारं होती. एक म्हणजे गोल, चौकोन आणि बाण काढलेलं चित्र. काम करणारा तो गोल, माहिती जाते तो बाण, आणि जो आपल्या यंत्रणेच्या बाहेरचा तो चौकोन. दुसरं हत्यार म्हणजे निर्णयाचा तक्ता. वर प्रश्न लिहायचे, मधल्या रकान्यांत हो आणि नाही यांच्या सगळ्या जोड्या मांडायच्या, आणि खाली प्रत्येक रकान्यात काय करायचं ते. एकही रकाना रिकामा राहता कामा नये. त्यामुळे कुणी काही सांगितलं, की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "आणि तसं नसेल तर?" ऑफिसात माझं नाव पडलं होतं नसेलबाई. यजमान म्हणायचे, भाजीत मीठ आहे म्हटलं तरी ही विचारेल, आणि नसेल तर?

मी मूळची चिखलीची. लग्नाआधी शकुंतला, घरात शकू. लग्नात तांदळाच्या ताटात यजमानांनी अंगठीनं मीनाक्षी असं लिहिलं, आणि ताट हलवल्याबरोबर ते मोडलंसुद्धा, पण माझ्यावर ते कायमचं बसलं. माणूस चांगला मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नाव बदलताना मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं, माझ्याही नव्हतं. हे घरगुती सांगण्याचं कारण पुढे येईल.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दीड-एक दशक उलटलं होतं. मुंबईतल्या एका संस्थेत मी लागले होते. यंत्र मोठ्या थंडगार खोलीत असे आणि तिथे चपला बाहेर काढून जावं लागे. पत्त्याच्या पानांसारखी भोकं पाडलेली कार्डं त्याला भरवायची. तिथे माझी वऱ्हाडी बोली म्हणजे सगळ्यांची करमणूक होती. 'करून राह्यले' असं एकदा तोंडातून गेलं, तर आठवडाभर सगळे चहा पिऊन राह्यले होते. मग मीही तोंडाला कुलूप घातलं आणि पुण्यासारखं बोलायला शिकले.

पण त्या बोलीनंच मला एकदा वाचवलं होतं. आमच्याकडच्याच एका बियाण्यांच्या गोदामाचं काम आलं होतं. माझा पुण्याचा सहकारी आधी जाऊन आला आणि मोठ्या आनंदानं सांगू लागला, की गोदामपाल प्रत्येक मुद्द्याला हो म्हणाला. मी त्याचं टिपण वाचलं. त्यात जुनं बियाणं आधी काढता का, यालाही हो होतं, आणि नवं आधी काढता का, यालाही हो.

"तो काय म्हणाला? हो, की हाव?" मी विचारलं.

"हाव. म्हणजे होच ना?"

होच. पण आमच्याकडे समोरचा बोलत असताना माणूस मधेमधे हाव म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की बोला, मी ऐकून राह्यलो. कबूल आहे असं त्यात नसतं. सहकाऱ्यानं कपाळाला हात लावला. आम्ही दोघंही परत गेलो आणि सगळं पहिल्यापासून विचारलं.

त्यामुळे बुलडाणा जिल्ह्यातलं पुढचं काम आलं, तेव्हा ते आपसूक माझ्याकडे आलं. आमचे प्रमुख दामले साहेब. शांत, नेमके, शब्द वाया न घालवणारे. त्यांनी काम समजावलं ते असं. टीबीची औषधं तेव्हा वर्षभर, दीड वर्ष घ्यावी लागत. दर महिन्याला दवाखान्यात यायचं आणि महिन्याची दवाई घेऊन जायची. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरतं, आणि रोगी यायचा बंद होतो. मग रोग दुप्पट जोरानं उलटतो. म्हणून जो चुकला त्याच्या घरी पोस्टकार्ड टाकायचं, तरी नाही आला तर माणूस पाठवायचा. कोण चुकलं ते शोधण्याचं काम यंत्रानं करावं, काही दवाखान्यांपुरतं करून पाहावं, असं ठरलं होतं.

"अडचण बायकांची आहे," दामले साहेब म्हणाले. "पुरुषांची कार्डं पोचतात. बायकांची परत येतात. या नावाची बाई गावात नाही, असा शेरा. कुणी माहेरचं नाव सांगतं, कुणी माहेरचं गाव. एकच बाई दोन दवाखान्यांत दोनदा नोंदली जाते, आणि दोन्हीकडे चुकार ठरते. तेव्हा आपली पहिली गरज ही, की विवाहित स्त्रीचं नाव आणि पत्ता सासरचाच घ्यायचा. आणि गावच्या पोलीस पाटलाकडून त्याची खात्री करून घ्यायची. तुम्ही जाऊन पाहा, आठवड्याभरात मसुद्यावर सह्या व्हायच्या आहेत."

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, हे आधीच का केलं नाही.

जानेफळला मी बाजाराच्या दिवशी पोचले. त्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं येतात, त्यामुळे दवाखान्यातही गर्दी असते. सिस्टरच्या टेबलाजवळ मला एक बाक मिळाला. सिस्टर कामानं पिचलेली, पण मनानं चांगली. नावं पुकारत होती, दवाई पुड्यांत बांधून देत होती, खोकला किती आहे ते विचारत होती. मी माझे गोल आणि बाण काढत होते. रोगी म्हणजे चौकोन, यंत्रणेच्या बाहेर. त्याच्याकडून एक बाण आत, नाव. दुसरा बाण आत, पत्ता. आतून त्याच्याकडे जाणारे बाण दोन, एक दवाईचा आणि दुसरा पोस्टकार्डाचा.

"कौसल्या!" सिस्टरनं पुकारलं.

"ओ," म्हणून एक बाई लगबगीनं पुढे आली. माझ्यापेक्षा लहान असेल. कडेवर पोरगं, सात-आठ महिन्यांचं, गोबऱ्या गालांचं, गळ्यात काळा दोरा. तिनं पुडी घेतली आणि पोराच्या झबल्यात आत सारली.

"घरी सांगितलं का तू?" सिस्टरनं विचारलं. "वेगळं ताट, वेगळा गिलास ठेवतं का?"

"हाव," ती म्हणाली.

मी पेन्सिल थांबवली. तो हाव मला चांगला ओळखीचा होता.

तेवढ्यात दारातून एक जाडजूड बाई आत आली, हातात भाजीची पिशवी. हिला पाहून थबकली. "वो इंदू! तू इथं काऊन वं?"

कौसल्या नावानं ओ देणारी ही बाई झटकन वळली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "काकू, पोराले खोकला हाये. रातभर झोपत नाई."

"अवं, तुह्यं पोरगं लयच नाजूक. महिन्याच्या महिन्याले दवाखाना! सासूले म्हना, नजर काढ त्याची."

"काढली, काकू. हा दोरा त्यायनंच बांधला."

पोरगं काकूंकडे पाहून खदखदून हसलं. काकू गेल्या. बाकी कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, कारण मलाही दोन नावं होती, आणि एका नावानं पुकारल्यावर दुसऱ्या नावाचं माणूस आसपास नाही ना, हे पाहायची सवय मलाही होती. मुंबईत माहेरचं कुणी भेटलं आणि शेजारी ऑफिसातलं कुणी उभं असलं, की मी अशीच वळायचे.

ती बाहेर पडली तशी मीही उठले. दवाखान्यामागे लिंबाचं झाड होतं, तिथे ती पोराला पाणी पाजत होती. मला पाहून तिनं पदर सावरला. मी सरकारी दिसत होते. मी खाली बसले, आणि कितीतरी दिवसांनी ते कुलूप काढलं.

"मी चिखलीची आहो," मी म्हटलं. "माह्यंही असंच हाये वं. सासरी मीनाक्षी. माहेरी शकू. तुह्यं माहेर कोन्तं?"

तिनं पोराच्या तोंडावरचं पाणी पुसलं. "उंद्री," ती म्हणाली. मग हळूहळू बोलू लागली.

बाळंतपणाला उंद्रीला गेली असताना तिला ताप यायला लागला, खोकला लागला. तिथल्या दवाखान्यात छातीची मोठी बिमारी निघाली. दवाई सुरू झाली. सव्वा महिन्यानं सासरी यायचं होतं. सासर जानेफळपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तिथे कुणाला सांगायची सोय नव्हती. तिच्या मोठ्या जावेला याच रोगावरून माहेरी घालवलं होतं आणि दिराचं दुसरं लग्न झालं होतं. म्हणून ही बाजाराच्या दिवशी पोराच्या खोकल्याचं निमित्त करून येत होती, आणि इथे माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि उंद्री गाव सांगून दवाई नेत होती.

"सिस्टरले खोटं सांगतं का मग?" मी विचारलं.

"खोटं काऊन?" तिला राग आला. "बिमार कौसाच हाये. इंदूले काईच झालं नाई. इंदू कापूस येचते, पानी भरते, भाकरी थापते. इंदूले टीबी झाला म्हनलं त इंदू त्या घरात राहीन का?"

"नाई ठेवलं, त उंद्रीले जाशीन. तिथं दवाई मिळन."

"मी जाईन. ह्याले नेऊ देतीन का?" तिनं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "जावेचा पोरगा तिले घेऊ देला नाई. पोरगं त्यायचं हाये म्हनतेत. याले ठेवून मी उंद्रीले बसली, त मंग दवाई कोनासाठी खाऊ?"

मग तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण गोल आणि बाण कळत होते. "हे काय करून राह्यल्या तुमी?"

मी सांगितलं. यंत्र, नावं, पोस्टकार्डं. सासरचं नाव आणि पत्ता लिहिणार, पाटलाकडून खात्री करणार, तेही सांगितलं. सांगत असताना माझा आवाज मलाच ऐकवेना. पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, ज्याच्या ओट्यावर देतो तो वाचतो, घरात कुणाला वाचता येत नसेल तर शेजारचा वाचून दाखवतो.

"बाई," ती म्हणाली, "तसं केलं त मी इथं येनारच नाई. अन उंद्रीलेबी जानार नाई. जितकी जगली तितकी जगली. पोराजवळ त राहीन."

"मी पाहते काय करता येते ते."

"हाव," ती म्हणाली, आणि पोराला कडेवर घेऊन बाजाराकडे चालू लागली.

मी त्या लिंबाखाली तशीच बसले. तिनं माझं बोलणं ऐकलं होतं, एवढंच त्या शब्दात होतं. ती माझ्या भरवशावर गेली नव्हती. पुढच्या महिन्यात ती आली नाही, तर तिच्या मरणाचा कागद मीच नीट अक्षरात लिहिलेला असेल, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला रडू आलं. त्या दिवशी मी आणखी काही बायकांशी बोलले. सगळ्यांची गोष्ट तिच्यासारखी नव्हती. पण चुकीचं नाव सांगणाऱ्या बऱ्याच जणींना आपण काय करतोय ते पक्कं माहीत होतं.

मुंबईला येऊन मी दामले साहेबांपुढे बसले. कुणाचं नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे आपण खोट्या नावाला मान्यता द्यायची?"

"नाव खोटं नाही, सर. ती त्या नावाला ओ देते. तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव आहे."

"ती उद्या यायची बंद झाली तर तिला शोधणार कुठे?"

मग मी माझा तक्ता काढला. वर एकच प्रश्न लिहिला होता, पोस्टकार्ड सासरी गेलं तर दवाई चालू राहील का? हो असेल तर साहेबांचा नियम. "आणि नसेल तर?" मी म्हटलं. "हा रकाना रिकामा आहे."

"तर ती माहेरी जाईल. तिथे औषध आहे. जिवापेक्षा घर मोठं नाही."

"मूल आहे, सर. मूल ठेवून ती जाणार नाही."

ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, माझं काही खरं नाही.

"माझी थोरली बहीण याच रोगानं गेली," ते पाठमोरेच म्हणाले. "औषध लागू पडलं होतं तिला. मधेच सोडलं. दवाखान्याकडे पत्ता होता आमचा, जुन्या घराचा. आम्ही बिऱ्हाड बदललेलं. कुणी शोधत आलंच नाही. मीनाक्षी, मी पत्त्यासाठी हटून बसतो, ते यंत्रासाठी नाही."

आम्हाला दोघांनाही एकच हवं होतं, आणि आमचे दोन कागद एकमेकांच्या अगदी उलट होते. माझ्या धंद्यात असं पुष्कळदा होतं, पण इतकं जिव्हारी लागेल असं पुन्हा कधी झालं नाही. मी माझं बाणांचं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्या चित्रात काय खटकतंय ते मला गाडीत रात्रभर कळलं नव्हतं, ते आता कळलं. रोग्याकडून आपण नाव घेत होतो, पत्ता घेत होतो. त्याला दवाई देत होतो, कार्ड पाठवत होतो. त्याला विचारणारा बाणच कुठे नव्हता.

"सर, तिलाच विचारू या," मी म्हटलं. "तू चुकलीस तर तुला शोधत कुठे यायचं?"

ते वळले. मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच्या मसुद्यातली पहिली ओळ खोडली. ओळखीसाठी नावाऐवजी क्रमांक आला, तो रोगी दुसऱ्या दवाखान्यात गेला तरी त्याच्याबरोबर जाणारा. 'रुग्णाचे संपूर्ण नाव' याच्या जागी त्यांनी लिहिलं, 'हाक कोणत्या नावाने मारायची?' आणि खाली, 'निरोप कुठे व कोणाकडे द्यायचा?' पोलीस पाटलाची अट मसुद्यातून गेली.

वरच्या साहेबांनी ही भाषा गावठी आहे म्हणून नाक मुरडलं. दामले साहेबांनी एक अक्षर बदललं नाही. पोस्टकार्डाचा मजकूरही त्यांनीच ठरवला. यंत्राला तेव्हा देवनागरी येत नव्हती, ते नुसती यादी काढायचं आणि कार्ड सिस्टर हातानं लिहायच्या. मजकुरात रोगाचं नाव नाही, दवाखान्याचं नाव नाही. 'बाजाराला याल तेव्हा भेटून जावे. वाट पाहतो.' मी म्हटलं, वाट पाहतो याची गरज नाही, सर, एक ओळ कमी लिहावी लागेल. ते म्हणाले, ती ओळ राहू दे.

तो प्रयोग काही काळ चालला आणि वरून मंजुरी न आल्यानं बंद पडला. यंत्र दुसऱ्या कामाला लागलं, मीही लागले. कार्डांचे गठ्ठे माझ्याकडे होते तेव्हा कौसल्या, उंद्री, हे नाव शोधावं असं अनेकदा मनात आलं. मी शोधलं नाही. तिनं मला जे सांगितलं होतं ते शकूला सांगितलं होतं, ऑफिसला नाही. पण कुठे टीबीचं नाव निघालं, की ते काळ्या दोऱ्याचं पोरगं डोळ्यांपुढे यायचं आणि जेवण गोड लागायचं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी यजमानांबरोबर शेगावला दर्शनाला गेले होते. परतीची गाडी उशिरा होती. फलाटावर मी सामानाजवळ उभी होते, यजमान पाणी आणायला गेले होते.

"शकूताई!"

"ओ," म्हणून मी वळलेसुद्धा, आणि मग दचकले. माझी आई जाऊन तेव्हा खूप दिवस झाले होते. त्या नावानं मला कुणी हाक मारत नव्हतं.

समोर एक भरल्या अंगाची बाई हसत उभी होती. "ओयखलं नाई ना? जानेफळचा दवाखाना. लिंबाखाली बसलो होतो आपुन. मले तुमचं हे एकच नाव याद हाये."

मी तिचे दोन्ही हात धरले. मग सवयीनं जे विचारायचं तेच विचारलं. "तुला हाक कोणत्या नावानं मारू?"

"इंदूच म्हना," ती म्हणाली. "कौसा बरी झाली."

ती भराभर सांगू लागली. कापूस वेचणीत तिच्या खेपा चुकल्या. बरं वाटत होतं, म्हणून तिनंही मनावर घेतलं नाही. मग तिनंच सिस्टरला सांगितल्याप्रमाणे उंद्रीला आईच्या नावानं कार्ड गेलं. "मायले वाचता येत नोतं. मास्तरनं वाचून देलं. वाट पाहतो म्हने! माय म्हने, कोन वं वाट पाहून राह्यलं तुही? दुसऱ्या दिवशी माय दारात हाजर. सासूले म्हने, नातवासाठी शेवया आनल्या. डब्यात वर शेवया, खाली उंद्रीच्या दवाखान्यातली दवाई. मंग एकबी महिना चुकू देला नाई तिनं."

दामले साहेब तेव्हा हयात नव्हते. ती एक ओळ पोचली हे त्यांना कळायला हवं होतं. ते कळवता आलं नाही, याची हळहळ मला अजून आहे.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"माय गेली मागच्या साली." तिनं पदरानं डोळे टिपले. "आता कौसा म्हननारं कोनी राह्यलं नाई, ताई. भाऊबी आता इंदू म्हनते."

"माय, चाल ना! गाडी लागली!" पलीकडून एका उंच, धडधाकट तरुणानं हाक मारली. गळ्यात दोरा नव्हता. शेजारी तिचा नवरा गाठोडी उचलत होता.

"येतो, ताई," ती म्हणाली आणि निघाली. गर्दीतून वाट काढत डब्यापर्यंत गेली. नवऱ्यानं आधी चढून हात पुढे केला.

मला राहवलं नाही. मी ओरडले, "कौसा!"

नवऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं, ही कुणाला हाक मारली म्हणून. तिनं त्याचा हात सोडला, पायरीवरून वळली, आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली, "ओ!"